इंका ट्रेल, चार दिवस: चढापेक्षा उताराची तयारी करा

तुम्ही दोघेही पन्नाशीच्या पुढचे, सह्याद्रीतले किल्ले नेमाने करणारे, जूनमध्ये पेरूतल्या चार दिवसांच्या इंका ट्रेलने माचू पिचूच्या अवशेषांपर्यंत जायचा बेत. लिमाहून विमानाने कुस्कोला पोचायचं आणि एक दिवस आराम करून चालायला लागायचं. मुख्य धास्ती दुसऱ्या दिवशीच्या खिंडीची. तुमचा प्रश्न एवढा धरून लिहितो.

खिंडीची धास्ती अर्धीच खरी आहे. वार्मीवान्युस्का, म्हणजे ट्रेलवरची सर्वांत उंच खिंड, 4,215 मीटरवर आहे. पहिल्या मुक्कामाचं वायाबाम्बा गाव साधारण 3,000 मीटरवर. म्हणजे एका दिवसात बाराशे मीटर चढ. किल्ले करणाऱ्या पायांना तो झेपतो. प्रश्न हवेचा आहे. कळसूबाई 1,646 मीटर. त्यामुळे तुमचा सगळा अनुभव पायांचा आहे, फुप्फुसांचा नाही. आणि खिंड ओलांडली की लगेच दुसऱ्या मुक्कामाच्या पाकायमायोपर्यंत सहाशे मीटर दगडी पायऱ्या उतरायच्या. लोक अडकतात ते बहुतेक या दोन ठिकाणी: उंचीची सवय न करता येऊन, आणि उतारावर गुडघे गमावून. चढावर दम लागला तर थांबता येतं. गुडघा गेला तर थांबून भागत नाही, कारण पुढचे दोन दिवसही उतरायचंच असतं.

आधी परमिट, कारण ते नसेल तर बाकीचं वाचायची गरज नाही. रोज फक्त 500 जणांना प्रवेश मिळतो आणि त्यात गाइड, पोर्टर, स्वयंपाकी सगळे धरलेले असतात. पर्यटकांच्या वाट्याला साधारण 200 जागा येतात. परवानाधारक एजन्सीशिवाय या वाटेवर जाताच येत नाही, त्यामुळे ‘गाइड लागतो का’ हा प्रश्नच उरत नाही. फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी ट्रेल पूर्ण बंद असतो. मे ते ऑगस्टच्या तारखा कित्येक महिने आधी संपतात, म्हणून जूनसाठी आदल्या वर्षाच्या अखेरीसच एजन्सी ठरवून टाका.

परमिट नावावर आणि पासपोर्ट क्रमांकावर निघतं. ते दुसऱ्याला देता येत नाही, तारीख बदलता येत नाही, रद्द केलं तर पैसे परत नाहीत. आपल्याकडच्या पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ‘गिव्हन नेम’मध्ये घुसलेलं असतं. फॉर्म भरताना ते गाळू नका. पासपोर्टच्या पानावर जे आहे ते अक्षर न् अक्षर तसंच द्या. बुकिंगनंतर पासपोर्ट नवा केला तर एजन्सीला लगेच कळवा आणि जुना, रद्द झालेला पासपोर्टही सोबत न्या. ट्रेल जिथे सुरू होतो त्या किलोमीटर 82 च्या चौकीवर मूळ पासपोर्टच बघतात, मोबाइलमधला फोटो चालत नाही. व्हिसाचं म्हणाल तर भारतीय पासपोर्टवर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा असेल तर पेरूचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही. तिकीट काढण्याआधी दूतावासाकडून एकदा खात्री करा.

आता तुमच्या बेतातली खरी अडचण. लिमा समुद्रकाठी, कुस्को 3,400 मीटरवर, मध्ये सव्वा तासाचं विमान. शरीराला काही कळायच्या आत तुम्ही वर पोचलेले असता. कुस्कोत एक दिवस आराम पुरत नाही. निदान तीन रात्री हव्यात, चार असतील तर उत्तम. माझं मत विचाराल तर विमानतळावरून कुस्कोत न राहता सरळ खाली, पवित्र दरीत जा. तिथली उरुबाम्बा आणि ओयांतायताम्बो ही दोन्ही गावं 2,800 ते 2,900 मीटरच्या आसपास आहेत. पहिल्या दोन रात्री तिथे, मग एक-दोन कुस्कोत, मग ट्रेक. ओयांतायताम्बोच्या अवशेषांचे उभे दगडी टप्पे चढून पाहिले की दम किती लागतो याचा अंदाजही येतो. पहिले दोन दिवस पोटभर जेवू नका आणि दारूला हात लावू नका.

असेटाझोलामाइड, म्हणजे उंचीचा त्रास टाळायचं औषध, घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारूनच. प्रतिबंधासाठी सहसा 125 मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं. रात्री तंबूतून तीनदा उठायची तयारी ठेवा. घरीच दोन दिवस घेऊन बघितलं तर तिथे मुंग्या आल्यावर घाबरायला होत नाही. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे मिळतो, बरंही वाटतं, पण तो औषधाची जागा घेत नाही. पानं परतीच्या सामानात टाकू नका, पेरूबाहेर बहुतेक ठिकाणी ती बेकायदा आहेत.

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं हे नेहमीचं आहे. बसल्या जागी धाप लागणं, खोकला वाढत जाणं, किंवा एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावत सरळ रेषेत चालताना तोल जाणं, यातलं काहीही दिसलं तर ते नेहमीचं नाही. उतरायला लागायचं, सकाळची वाट बघायची नाही. निर्णयाची जागा युयुचापाम्पा, 3,800 मीटर, खिंडीच्या अलीकडे. तिथून मागे वायाबाम्बाला उतरणं सोपं असतं. खिंड ओलांडून पाकायमायोला गेलात की दोन्ही बाजूंना खिंडी. घोडी-खेचरंही वायाबाम्बाच्या पुढे नेता येत नाहीत, म्हणजे आजारी माणसाला पोर्टरच पाठीवर किंवा स्ट्रेचरवर घेऊन चालतात. प्रवास विम्यात ट्रेकिंगची उंचीची मर्यादा बघा. पुष्कळ पॉलिसी 3,000 किंवा 4,000 मीटरवर थांबतात. 4,500 पर्यंत लेखी संरक्षण हवं.

उताराबद्दल सविस्तर सांगतो, कारण यावर कोणी बोलत नाही. ट्रेलच्या पायऱ्या इंकांच्या काळातल्या किंवा त्याच धर्तीवर दुरुस्त केलेल्या आहेत. एक वीतभर उंच, पुढची गुडघ्याएवढी, तिसरी बाहेर कललेली. लय लागत नाही. दव किंवा पाऊस असला की घासून गुळगुळीत झालेला दगड निसरडा होतो. सर्वांत लांब उतार तिसऱ्या दिवशीचा आहे: फुयुपातामार्काचे अवशेष साधारण 3,650 मीटरवर, तिसऱ्या मुक्कामाचं विन्याय वायना 2,650 च्या आसपास. दिवसाच्या शेवटी, थकलेल्या पायांनी, हजार मीटर खाली, बहुतेक पायऱ्यांवरून.

काठ्या दोन घ्या, एक नव्हे. उतारावर त्यांची लांबी चढापेक्षा पाच ते दहा सेंटिमीटर वाढवा. आधी दोन्ही काठ्या खालच्या पायरीवर, मग पाऊल. गुडघा किंचित वाकलेला. उंच पायरीला आडवं होऊन, बाजूने उतरा. काठ्यांच्या टोकाला रबरी टोपी सक्तीची आहे, धातूचं टोक दगडाला लागू देत नाहीत. ही टोपी दगडांच्या फटीत अडकून निघून येते, म्हणून जास्तीची एक जोडी खिशात असू द्या. बुटाची नाडी उतारासाठी वेगळी बांधायची: घोट्याच्या वाकणावर दुहेरी पीळ देऊन आवळायची, म्हणजे टाच मागे धरली जाते आणि बोटं पुढे आपटत नाहीत. ट्रेकला निघायच्या चार-पाच दिवस आधी नखं कापा. आदल्या रात्री कापलेली नखं कोपऱ्यात दुखतात, न कापलेली काळी पडतात.

सराव आठ आठवडे आधीपासून करा आणि त्यात जिने उतरण्यावर भर द्या. लिफ्टने खाली येण्याची सवय असेल तर मोडा. पाठीवर पाच-सहा किलो घेऊन आठवड्यातून तीनदा पंधरा-वीस मजले उतरा. उतरताना मांडीचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत वजन पेलतो. चढण्याने त्याला या कामाची सवय होत नाही, म्हणूनच चढायला तरबेज माणसंही तिसऱ्या दिवशी लंगडतात.

अंतरं ढोबळमानाने: पहिला दिवस 12 किलोमीटर, सोपा, कुसिचाका नदीकाठचं पातायाक्ता हे इंकांचं जुनं गाव वरून दिसतं. दुसरा 11-12, खिंडीचा. तिसरा 16, सर्वांत लांब आणि सर्वांत देखणा. रुंकुराकायचं अर्धगोल बांधकाम, मग सुमारे 3,950 मीटरची दुसरी खिंड, अरुंद जिन्याने चढून जायचं सायाकमार्का, खडकात कोरलेला छोटा बोगदा, फुयुपातामार्काची ओळीने उतरणारी पाण्याची कुंडं. सायाकमार्काचा जिना मुख्य वाटेपासून बाजूला आहे आणि थकलेली मंडळी तो टाळतात. टाळू नका. विन्याय वायनाचे अवशेष तिसऱ्या रात्रीच्या तळापासून काही मिनिटांवर आहेत आणि ते तिसऱ्या संध्याकाळीच बघायचे, कारण चौथ्या दिवशी अंधारात निघावं लागतं. संध्याकाळी पाच वाजता तळावर पोचलात तर आधी अवशेष, चहा नंतर.

चौथ्या दिवशी साडेतीनला उठवतात. शेवटच्या टप्प्याचं फाटक साडेपाचला उघडतं, मग एवढी घाई का? पोर्टरांना तंबू आवरून खाली पहाटेची गाडी गाठायची असते, म्हणून तळ रिकामा करावा लागतो. तासभर रांगेत बसणं आलंच, जाडं जॅकेट वरच ठेवा. पुढे पाचेक किलोमीटर, इंतिपुंकूच्या, म्हणजे सूर्यद्वाराच्या अलीकडे पन्नासेक जवळजवळ उभ्या पायऱ्या. तिथे काठ्या हाताला लटकवून हातांनी दगड धरून चढा. जूनमध्ये सूर्यद्वारातून सकाळी माचू पिचू दिसण्याची शक्यता चांगली असते, पण ढग असतील तर अर्धा तास थांबायला गाइडला सांगा.

सामान. पोर्टरच्या पाठीवर 20 किलोंची मर्यादा आहे आणि चौकीवर वजन होतं. तुमच्या वाट्याला बहुधा सात किलो येतात, त्यात स्लीपिंग बॅग आणि मॅट धरून. त्या दोन्ही अडीच किलो खातात, म्हणजे कपड्यांना साडेचार. जूनच्या रात्री वरच्या तळांवर पारा शून्याखाली जातो, तेव्हा स्लीपिंग बॅग उणे दहापर्यंतची घ्या. सुती कपडे नकोत, घामाने भिजलेला सुती बनियन खिंडीतल्या वाऱ्यात गारठवतो. पाठीवरच्या 25-30 लिटरच्या सॅकमध्ये दोन लिटर पाणी, पोंचो, एक गरम थर, टोपी, पासपोर्ट. एकदा वापरायच्या प्लास्टिक बाटल्यांना बंदी आहे, स्टीलची किंवा पाण्याची पिशवी न्या. उकळलेलं पाणी स्वयंपाकी सकाळ-दुपार-रात्री देतो. झऱ्याचं भरलंत तर क्लोरीनच्या गोळीला अर्धा तास द्या. चार्जिंग कुठेच नाही. पॉवर बँक आणि कॅमेऱ्याची बॅटरी रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, नाहीतर थंडीने उतरतात.

शाकाहारी असाल तर ‘व्हेजिटेरियन’ एवढ्यावर भागवू नका, तिथे कोंबडी त्यात बसते असं समजणारे भेटतात. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ (मांस, कोंबडी, मासे नकोत) असं बुकिंगच्या वेळी लिहून द्या आणि सूप कोंबडीच्या पाण्यात करू नका हेही सांगा. बाकी बटाटे, किनोआ, भात, मका यांची ददात नसते.

एजन्सी निवडताना दर कमी का आहे हे विचारा. स्वस्तातला ट्रेक जवळजवळ नेहमी पोर्टरच्या मजुरीतून आणि जेवणातून स्वस्त झालेला असतो. विचारायचे प्रश्न: गटात किती जण (कमाल 16, आठांपुढे दुसरा गाइड), पोर्टर कुठे झोपतात, ऑक्सिजनचा सिलिंडर सोबत असतो का, परतीची रेल्वे किती वाजताची, माचू पिचूचं कोणतं सर्किट, म्हणजे आत फिरायचा ठरलेला मार्ग, परमिटमध्ये धरलं आहे. उत्तरं ईमेलवर घ्या. बक्षिसीसाठी पेरूच्या चलनात, सोल्समध्ये, 10 आणि 20 च्या नोटा आधीच मोडून ठेवा. फाटकी नोट कोणी घेत नाही.

परमिट मिळालंच नाही तर किलोमीटर 104 पासूनचा दोन दिवसांचा छोटा ट्रेल आहे. त्यात खिंड नाही, विन्याय वायना आणि सूर्यद्वार मात्र मिळतात. तुमच्या वयाला आणि वेळेला तो वाईट पर्याय नाही. साल्कान्ताय या माचू पिचूकडच्या दुसऱ्या ट्रेकला अशी रोजची मर्यादा नसते, पण त्याची खिंड 4,600 मीटरच्या वर आहे आणि वाटेत अवशेष फारसे नाहीत. अवशेषच हवे असतील आणि गर्दी नको असेल तर चोकेकिराव या दुसऱ्या इंका अवशेषांचा ट्रेक. मात्र तिथे आपुरिमाकच्या दरीत पंधराशे मीटर उतरून तेवढंच चढायचं, आणि परत येताना पुन्हा तेच. गुडघ्यांची शंका असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

शेवटच्या दिवसाचं वेळापत्रक सैल ठेवा. माचू पिचूत मोठी सॅक आणि काठ्या आत नेऊ देत नाहीत, म्हणून सूर्यद्वाराकडून आलेल्यांना बाहेर पडून सामान ठेवून पुन्हा आत यावं लागतं. मग बसने पायथ्याचं गाव आग्वास कालियेन्तेस, तिथून रेल्वेने ओयांतायताम्बो, पुढे दोन तास गाडीने कुस्को. हॉटेलवर पोचायला रात्रीचे नऊ-दहा होतात. दरड किंवा संपामुळे रेल्वे अधूनमधून बंद पडते, तेव्हा कुस्को ते लिमाचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं न घेता मध्ये एक दिवस मोकळा सोडून घ्या.