दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि वेळ कशी काढायची

सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. गोल पृथ्वीवरची सर्वांत जवळची वाट अशा नकाशावर वाकडी दिसते. दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश घ्या, हॅवरसाइन सूत्रात (गोलावरच्या दोन बिंदूंमधलं अंतर काढायचं सूत्र) टाका, पृथ्वीची त्रिज्या 6371 किमी धरा. उत्तर भलतंच आलं, तर बहुतेक वेळा अंशांचे रेडियन करायचे राहिलेले असतात, नाहीतर पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह दिलेलं नसतं. आकडा नॉटिकल मैलांत असेल तर किमीसाठी 1.852 ने गुणा.

वेळेसाठी अंतराला ताशी 850 किमीने भागा आणि वर अर्धा तास मिळवा, कारण चढताना-उतरताना वेग कमी असतो. म्हणजे 1700 किमीला अडीच तास. टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यांवर चालणाऱ्या विमानाला ताशी 500 किमी धरा. तिकिटावरची वेळ याहून जास्तच दिसेल. ती गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते.

जाण्यायेण्याला सारखाच वेळ धरणं ही नवख्यांची हमखास चूक. मध्य अक्षांशांवर उंचावरचे जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्यांचे पट्टे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. न्यूयॉर्क-लंडन अंतर सुमारे 5550 किमी. लंडनला जाताना साधारण सात तास, परतताना आठ. हिवाळ्यात हा फरक आणखी वाढतो, कारण तेव्हा प्रवाह जोरात असतात.

आणि तिकिटावरच्या दोन वेळांची थेट वजाबाकी नको, त्या स्थानिक असतात. दोन्ही आधी यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आणा, पोहोचण्याची तारीख बघा. उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणारा देश असेल, तर त्या दिवशीचाच यूटीसीपासूनचा फरक घ्या.