दोघांची कादंबरी, आधी नाव कुणाचं?

प्रश्न : मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र, आम्ही दोघांनी मिळून किशोरांसाठी साहसकादंबरी लिहिली आहे. पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे भर पावसात निघालेली चार मुलं वाट चुकतात, अशी गोष्ट आहे. मी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवतो, मित्राचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. प्रकरणं एकाआड एक लिहिली. आता मुखपृष्ठावर आधी नाव कुणाचं, यावरून आमच्यात अबोला आहे. त्यात एका प्रकाशकाने छपाईसाठी पैसे मागितलेत आणि ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ असा कागद पाठवलाय. मित्र म्हणतो, सही करून टाकू. ताई, काय करावं? सोबत दोन प्रकरणं पाठवत आहे.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सही करू नका. अबोला असला तरी मित्राला हे आजच सांगा. बाकीचं सावकाश बोलू.

तुमची दोन्ही प्रकरणं मी मोठ्याने वाचली. इतकी वर्षं प्रुफं तपासून लागलेली सवय आहे ती. डोळा जिथून घसरून जातो तिथे जीभ अडते. तिसरं प्रकरण तुमचं. मसाई पठारावर धुकं उतरतं, पुढचा माणूस दिसेनासा होतो, मोज्यात जळवा शिरतात आणि सगळ्यांच्या आधी धाकटी खाली बसून बूट काढते. फार छान उतरलंय. चौथं प्रकरण मित्राचं. ओढ्याला पाणी चढलंय आणि दोर बांधून पलीकडे जायचंय. गाठ कुठे मारायची, ताण कुठे येणार, खडकाच्या धारेवर दोर काचू नये म्हणून खाली रिकामी सॅक कशी सरकवायची, हे हाताने काम करणाऱ्या माणसालाच सुचतं. त्या पानांत एक शब्दही कापावा असं मला वाटलं नाही.

पण दोन प्रकरणांमधला सांधा उघडा पडलाय. तुमच्याकडे दोर थोरल्याच्या सॅकमध्ये आहे, मित्राकडे तो धाकटीच्या खांद्यावर. तुम्ही दुपारी चारला मुलांना पठारावर सोडता आणि मित्राची पहिली ओळ ‘सूर्य डोक्यावर आला होता’ अशी. तुमची धाकटी आपल्याकडच्या पोरींसारखी ‘मी येतो की’ म्हणते, पुढच्याच प्रकरणात तीच ‘मी येते हं’ म्हणायला लागते. बारा-तेरा वर्षांचा वाचक हे सगळं पकडतो आणि एकदा पकडलं की गोष्टीवरचा त्याचा विश्वास उडतो.

एक साधी वही करा. प्रत्येक प्रसंगाला वार, वेळ, पाऊस किती, कुणाजवळ काय सामान, कुणाला कुठे लागलंय, एवढं टिपायचं. वही दोघांनी मिळून भरायची, म्हणजे समोरासमोर बसावं लागेल. तुमच्या अबोल्यावरही माझ्याकडे दुसरा उपाय नाही. त्यानंतर संपूर्ण कादंबरीवर शेवटचा हात एकाचाच फिरू दे. तो तुमचा असावा, तुमचं वाक्य जास्त तयार आहे. मात्र काय घडतं, कसं घडतं, यावर शेवटचा शब्द मित्राचा. आणि सिद्दी जौहरच्या वेढ्यावर तुम्ही जे दीड पान लिहिलंय ते मित्राला कापू द्या. 12 जुलै 1660 ची रात्र, शिवा काशीद, घोडखिंड, सगळं बरोबर आहे, पण तेवढा वेळ तुमची चार पोरं पावसात नुसती उभी आहेत. चालता चालता त्यांच्याच तोंडून दोन-चार वाक्यांत येऊ दे.

आता नाव. वाक्यावरचा शेवटचा अधिकार तुम्ही घेताय, तर मुखपृष्ठावर आधी नाव मित्राचं येऊ द्या. असा माझा स्पष्ट कौल आहे. नावांच्या क्रमाने हक्काचा वाटा कमी-जास्त होत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात, ज्या कृतीत एकाचं काम दुसऱ्यापासून वेगळं काढता येत नाही ती संयुक्त लेखकांची कृती. प्रकरणं एकाआड एक लिहिलेली असली, तरी एकमेकांच्या लिखाणावर दोघांचा हात फिरला की तुमची कादंबरी तशीच धरली जावी. म्हणून संपूर्ण पुस्तकाचे हक्क कुणा एकाला परस्पर देता येत नाहीत, कागदावर सही दोघांचीच लागते. हा हक्क दोघांपैकी मागे राहणाऱ्याच्या निधनानंतर 60 वर्षं टिकतो, म्हणजे तुमच्या नातवंडांपर्यंत जातो. ‘सर्व हक्क’ हे दोन शब्द केवढे मोठे आहेत ते यावरून मित्राच्या लक्षात आणून द्या. करार करायचाच तर कुठले हक्क, किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशापुरते आणि रॉयल्टी किती, हे लिहून घ्या. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. पण ‘कायमस्वरूपी’ असं छापलेलं असेल तर या तरतुदीचा आधार उरत नाही.

पैसे तुमचेच लागणार असतील तर हक्क दुसऱ्याला का द्यायचे? प्रेसमधून स्वतः छापून घ्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो, त्याला शुल्क नाही. पुस्तकाच्या डेमी या नेहमीच्या आकारात फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा, 16 पानांचा. तुमची 180 पानं भरतायत. अकरा फर्म्यांत 176 बसतात, उरलेल्या चारांसाठी आणखी निदान अर्धा फर्मा लागेल. वेढ्याचं दीड पान जातंच आहे, आणखी अडीच काढा. छापून झाल्यावर प्रकाशक या नात्याने 30 दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्याने ठरवलेल्या इतर ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते, ते विसरू नका.

मराठीत आपल्याच डोंगरात, आपल्याच बोलीत घडणारं साहस मुलांच्या हाती फार कमी पडतं. सहलीला पन्हाळ्यावर जाऊन आलेल्या पोरांना हे पुस्तक मिळालंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पत्राच्या शेवटी तुम्ही दाजीपूरच्या जंगलातल्या दुसऱ्या भागाबद्दल लिहिलंय. तो दोघांनीच लिहायचा, की एकाला ही पात्रं घेऊन एकट्याने पुढे जाता येईल, हेही आत्ताच ठरवा. खर्च कुणी किती घालायचा, विक्रीचे पैसे कसे वाटायचे आणि हे कलम, असा तुमच्या दोघांमधला एक पानी कागद प्रेसमध्ये जाण्याआधी करा. त्यावर दोघांच्याही घरचा एकेक साक्षीदार घ्या.