वाळलेलं पान कुठल्या रकान्यात?

गोव्यातल्या तिसवाडीच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय: 'प्राथमिकच्या मुलांना आम्ही सजीव-निर्जीव शिकवतो. तीच मुलं वरच्या वर्गात इंग्रजी माध्यमात जातात आणि तिथे त्यांना बायोटिक-एबायोटिक भेटतं. मराठीत त्याला जैविक-अजैविक म्हणतात. या दोन जोड्यांचा अर्थ एकच का? पुढच्या महिन्यात मुलांना खाजनावर, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीवर, नेणार आहे. वाळलेलं पान, रिकामी शिंपली असलं काही सापडलं तर ते कुठल्या रकान्यात लिहायला सांगू?'

बाई, अर्थ एक नाही. पुस्तकं बऱ्याचदा तसं भासवतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

सजीव-निर्जीव ही वस्तूंची वाटणी आहे. समोर एखादी वस्तू ठेवायची आणि विचारायचं, हिच्यात जीव आहे का? कुर्ली (खेकडा) सजीव, चिरा (जांभा दगड) निर्जीव. जैविक-अजैविक या शब्दांना मात्र मागे एक नाम लागतं: घटक. 'चिरा अजैविक आहे' हे वाक्य कानाला अर्धवट लागतं. 'चिरा हा अजैविक घटक आहे' म्हटलं की बसतं. घटक म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच, कशाचा घटक? म्हणजे ही जोडी एकट्या वस्तूबद्दल बोलतच नाही. एखाद्या जागेचा संसार ज्यांच्यावर चालतो, त्यांच्याबद्दल बोलते.

भेद पटकन पटवायचा असेल तर उष्णता घ्या. 'तापमान निर्जीव आहे' असं कुणी म्हणेल का? ऊन निर्जीव, भरती निर्जीव, पाण्याचा खारटपणा निर्जीव, सगळंच विचित्र वाटतं, कारण निर्जीव म्हणायला आपल्याला एखादी वस्तू हाताशी लागते. पण तापमान, ऊन, भरती-ओहोटी, खारटपणा हे सगळे अजैविक घटक आहेत, आणि खाजनात तर तेच मोठे. मातीत मीठ किती यावर तिथे कोरगुट हे खारटपणा सोसणारं भात तग धरेल की दुसरं, हे ठरतं. पावसाचं पाणी ते मीठ धुऊन काढतं, म्हणून तिथलं भात पावसाळ्यात. या सगळ्यात हातात धरून 'निर्जीव' म्हणावी अशी वस्तू फार थोडी.

आता व्युत्पत्ती. सजीव म्हणजे जीवासह असलेला. जैविक म्हणजे जीवासंबंधीचा. नीतीवरून नैतिक, दिनावरून दैनिक, तसा जीवावरून जैविक. 'सह' आणि 'संबंधी' यांतलं अंतर तुमच्या वाळलेल्या पानाला नेमकं उपयोगी पडतं. पानात आता जीव नाही, तेव्हा ते सजीव नाही. जीवाशी त्याचा संबंध मात्र तुटलेला नाही: झाडाने ते घडवलं आणि उद्या बुरशी ते खाणार आहे.

निर्जीव शब्दाची गंमत वेगळी. संस्कृतच्या पद्धतीने फोड केली तर 'ज्यातून जीव निघून गेला आहे' असा अर्थ निघतो, म्हणजे खरं तर मेलेला. त्या न्यायाने वाळकं पान पक्कं निर्जीव, आणि चिऱ्यात जीव कधी नव्हताच म्हणून त्याला हा शब्द जरा सैल. जैन तत्त्वज्ञानात जीव आणि अजीव अशी जोडी आहे. चिऱ्याला 'अजीव' जास्त चपखल बसला असता आणि 'अजैविक'मधला 'अ'ही त्याच जातीचा आहे. पण म्हणून शाळेतला शब्द चुकीचा ठरवू नये. निराकाराला पूर्वी कधी आकार होता असं आपण मानत नाही. 'निर्' नुसता अभावही दाखवतो. व्युत्पत्ती शब्दाचा जन्म सांगते, त्याचं आजचं काम सांगतेच असं नाही.

रोजच्या मराठीचा तर यात आणखी तिसराच कारभार. झरा जिवंत असतो, विजेची तार जिवंत असते, धरणात मृत साठा असतो. 'झरा जिवंत आहे' म्हणणाऱ्या पोराला ओरडू नका. त्याची भाषा बरोबर आहे, फक्त ती विज्ञानाच्या तासाची नाही. घरी कोकणीत 'जिवें' आणि 'मेल्लें' ऐकणाऱ्या मुलांना या दोहोंबाहेरचा तिसरा वर्ग, म्हणजे कधी जिवंत नव्हतंच असा, मुद्दाम दाखवावा लागतो.

पानाच्या रकान्याबाबत पुस्तकांचं एकमत नाही, हे आधीच सांगतो. काही शालेय पुस्तकं एकेकाळी जिवंत असलेलं सगळं जैविकमध्ये घालतात. वरच्या वर्गांची काही पुस्तकं जैविक म्हणजे फक्त जिवंत उत्पादक, भक्षक आणि विघटक असं धरतात आणि कुजलेला पालापाचोळा, ह्यूमस वगैरे अजैविकाच्या बाजूला ठेवतात. दोघांकडे कारणं आहेत. माझा कौल पहिल्या बाजूला, कारण मराठीतला 'जैविक' हा शब्द मुळात 'संबंधी' सांगतो आणि पान त्यात मावतं.

त्याहून बरी वाट मात्र शेतकऱ्याच्या भाषेत आहे. खताच्या दुकानात सेंद्रिय खत मागितलं तर शेणखत, कंपोस्ट, गांडूळखत मिळेल. जिवाणू खत, किंवा जैविक खत, मागितलं तर रायझोबियमसारख्या जिवंत जिवाणूंचं पाकीट मिळेल. पूर्वी जिवंत असलेल्याचं उरलेलं ते सेंद्रिय आणि आत्ता काम करणारा जीव तो जैविक, ही वाटणी मराठी शेतीने कधीच करून ठेवली आहे. हिंदीत दोन्हीला 'जैविक' चालतं. गोव्यात हिंदी पाट्या आणि हिंदी पाकिटं सर्रास दिसत असल्यामुळे मुलांच्या डोक्यात ते मिसळतं. 'जैविक खेती'चं मराठी 'सेंद्रिय शेती', एवढं एकदा फळ्यावर लिहून टाका.

तेव्हा तक्त्यात तिसरा रकाना काढा: मृत सेंद्रिय पदार्थ. रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर गेलात तर तिथल्या सलीम अली पक्षी अभयारण्यात हा रकाना एका हाताच्या अंतरावर भरता येईल. अवघं 1.78 चौरस किलोमीटरचं अभयारण्य, पण खारफुटी भरगच्च. तिवर या खारफुटीच्या झाडाचं जून पान उलटसुलट करून बघायला सांगा. कोरड्या दिवसात त्यावर मिठाचे बारीक कण दिसतात, कारण हे झाड जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. हिरवं पान जैविक, त्यावरचं मीठ अजैविक, दोन्ही एकाच बोटाखाली. मग खाली चिखलात बघा. गळलेली पानं काळी पडून मऊ झालेली असतात, काहींची नुसती जाळी उरलेली असते. कुर्ल्यांनी कुरतडलं, बुरशी-जिवाणूंनी कुजवलं, आणि आतलं नत्र-स्फुरद पुन्हा चिखलात गेलं. तिसऱ्या रकान्यातून दुसऱ्यात आणि तिथून मुळांवाटे परत पहिल्यात अशी ये-जा दिसली, की रकान्यांच्या रेघा पक्क्या नाहीत हे मुलं आपणच म्हणतील.

शिंपली पानापेक्षा अवघड आहे. ती घडवली जिवाने, पण तिचं द्रव्य मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे रसायनशास्त्राच्या हिशेबात असेंद्रिय. जुन्या गोवेकर घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जे पातळ, अर्धपारदर्शक तुकडे बसवलेले दिसतात, तेही एका शिंपल्याचेच. तो जीव जुवारीच्या काठी चिखलीच्या खाडीत आजही आढळतो. खाडीतला जिवंत शिंपला जैविक घटक. त्याचं रिकामं कवच सजीव नाही आणि सेंद्रियही नाही, पण जिवाने केलेलं आहे. खिडकीत बसलं की ते कुठल्याच परिसंस्थेचा घटक म्हणून मोजायचं कारण नाही, ती घराची वस्तू झाली. रिकाम्या शिंपलीपुढे मी 'मूळ जैविक, द्रव्य असेंद्रिय' असं लिहून घेईन आणि रकान्याचा हट्ट सोडेन.

परिसंस्था हा शब्दही मुलांना अडतो. संस्था म्हटलं की त्यांना शिक्षणसंस्था आठवते, नाहीतर सोसायटी. इथे संस्था म्हणजे एकत्र राहण्याची व्यवस्था. मूळ इंग्रजी शब्द 'इकोसिस्टिम' 1935 मध्ये आर्थर टॅन्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने छापील लेखात आणला. जीव आणि त्यांच्याभोवतीचं भौतिक जग वेगळं न करता दोन्ही मिळून एकच व्यवस्था धरावी, असं त्याचं म्हणणं होतं. दोन रकाने हा अभ्यासाच्या सोयीचा भाग झाला.

खाजनावर मुलं हमखास विचारतील ते मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेच्या, दारांबद्दल. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की लाकडी दारं आपसूक मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ती उघडून बाहेर पडतं. लाकूड म्हणून जैविक म्हणायचं का? नको. तिथे दाराचं काम पाणी अडवण्याचं आहे, आणि त्याच जागी सिमेंटचं वा फायबरचं दार तेच करेल. मानस आणि बांध यांच्यापुढे 'मानवनिर्मित' लिहा. बांधाजवळ अडकलेली प्लॅस्टिकची पिशवीही तिथेच. रसायनशास्त्राचा एखादा विद्यार्थी सोबत असेल तर तो सांगेल की प्लॅस्टिकही कार्बनचंच संयुग, म्हणजे त्याच्या भाषेत सेंद्रिय. त्याचं म्हणणं खोटं नाही, पण तो वाद बसमध्ये परतताना घाला, नाहीतर खतवाल्याचं 'सेंद्रिय' आणि प्रयोगशाळेचं 'सेंद्रिय' यांत अख्खी दुपार जाईल.

परीक्षेत दोनच रकाने असतील तर वाळलेलं पान जैविकमध्ये लिहायला सांगा आणि पुढे कंसात 'मृत' लिहू द्या. वरच्या वर्गातल्या शिक्षकांचं पुस्तक उलट सांगत असेल तर तिथे त्या पुस्तकाप्रमाणे. 'निर्जीव' मात्र अजैविकाचा प्रतिशब्द म्हणून वापरू नका, विशेषतः ऊन, पाऊस, तापमान यांच्यापुढे.