वाचकांचे प्रश्न : मॅक्रो चालतो, पण कुठल्या पानावर?

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एक्सेलमधल्या मॅक्रोंचे, म्हणजे ठरावीक कामं आपोआप करणाऱ्या छोट्या कोडचे आहेत. कोडमधले शब्द इथे देवनागरीत छापले आहेत, टाइप करताना ते अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचे. आणि कोणताही मॅक्रो पहिल्यांदा चालवाल तो फाइलच्या प्रतीवर. मॅक्रो शीटवर काही बदलून गेला की कंट्रोल + झेड बहुधा काहीच परत आणत नाही, कारण तोवरची अनडूची यादी एक्सेल पुसून टाकतं.

प्रश्न : रेकॉर्ड केलेला मॅक्रो पहिल्या महिन्यात नीट चालला. दुसऱ्या महिन्यात शेवटच्या काही ओळी तशाच राहिल्या, आणि एकदा तर त्याने भलत्याच शीटवर रंग भरले. रेकॉर्डर बिघडलाय का?

रेकॉर्डर ठीक आहे. तुम्ही काय केलंत एवढंच तो लिहून ठेवतो, का केलंत हे त्याला कळत नाही. ऑल्ट + एफ११ दाबून कोड उघडा. त्यात रेंज("ए२:एफ२३७").सिलेक्ट अशी ओळ सापडेल. २३७ हा आकडा पहिल्या महिन्याचा. पुढच्या महिन्यात ४०० ओळी आल्या तरी मॅक्रो २३७ वरच थांबणार.

शेवटची ओळ दर वेळी शोधायची. शीटच्या तळापासून वर येत पहिला भरलेला सेल कुठे लागतो ते विचारायचं: शेवट = शी.सेल्स(शी.रोज.काउंट, १).एंड(एक्सएलअप).रो. इथला शी म्हणजे तुमची शीट (ती कशी ठरवायची ते पुढे), आणि १ म्हणजे पहिला स्तंभ. जो स्तंभ कधीच रिकामा नसतो तोच निवडा. पावती क्रमांक चालेल, ‘शेरा’ चालणार नाही. शिवाय फिल्टर लावलेला असेल तर कोडची ही ओळ फक्त दिसणाऱ्या ओळींतली शेवटची सांगते, म्हणून मॅक्रोच्या सुरुवातीलाच फिल्टर काढा.

‘शेवट’ हा व्हेरिएबल लाँग म्हणून जाहीर करा. जुन्या सवयीने इंटिजर लिहिलंत तर ३२,७६७ नंतर ‘ओव्हरफ्लो’ म्हणजे एरर ६ येईल. शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, इंटिजरमध्ये तेवढे आकडे मावत नाहीत.

भलत्या शीटचं कारण त्या ‘शी’मध्ये आहे. नुसतं रेंज किंवा सेल्स लिहिलं की एक्सेल त्या क्षणी समोर असलेली शीट धरतं. म्हणून आधी सेट शी = धिसवर्कबुक.वर्कशीट्स("नोंदी") असं बांधून घ्या आणि पुढे प्रत्येक रेंजच्या आधी शी. लावा. (शीटचं हे नाव शीटवर आणि कोडात, दोन्हीकडे रोमन अक्षरांत ठेवा, का ते शेवटच्या उत्तरात.) सगळ्यांत फसवी चूक शी.रेंज(सेल्स(२, १), सेल्स(शेवट, ६)) ही. बाहेरच्या रेंजला शीट सांगितली, आतल्या दोन सेल्सना सांगायची राहिली. नेमकी तीच शीट समोर असेल तेव्हा हे चालतं आणि दुसरी असली की एरर १००४ येतो. त्यामुळे तुमच्याकडे चालणारा मॅक्रो शेजारच्या टेबलावर पडतो.

ओळी काढायच्या असतील तर लूप खालून वर फिरवा, स्टेप -१ लावून. वरून खाली जाताना पाचवी ओळ काढली की सहावी पाचवीच्या जागी येते आणि न तपासताच सुटते.

प्रश्न : चाळीस हजार ओळींवर फिरणाऱ्या मॅक्रोला बरीच मिनिटं लागतात. स्क्रीनअपडेटिंग (मॅक्रो चालताना पडदा ताजा होत राहणं) बंद केलं, थोडाच फरक पडला.

वेळ जातो तो हिशेबात नाही, ये-जा करण्यात. प्रत्येक सेल वाचताना आणि लिहिताना व्हीबीए, म्हणजे मॅक्रोंची भाषा, एक्सेलचं दार ठोठावतं, आणि चाळीस हजार ओळी गुणिले सहा स्तंभ म्हणजे दोन लाख चाळीस हजार फेऱ्या झाल्या. त्याऐवजी सगळा पट्टा एकदम उचला. डिम माल ॲज व्हेरियंट, मग माल = शी.रेंज("ए२:एफ" & शेवट).व्हॅल्यू. आता माल(१, १) म्हणजे ए२ मधली किंमत. ही ॲरे, म्हणजे मेमरीतला किमतींचा तक्ता, दोन मितींची असते आणि मोजणी शून्यापासून नाही, १ पासून होते. काम ॲरेतच करा आणि शेवटी एका ओळीत परत ठेवा. काम मिनिटांवरून सेकंदांवर येतं.

दोन खड्डे लक्षात ठेवा. पट्टा एकाच सेलचा निघाला तर ॲरे मिळत नाही, नुसती किंमत मिळते, आणि माल(१, १) वर ‘टाइप मिसमॅच’ म्हणजे एरर १३ येतो. दुसरा जास्त महागाचा: पट्ट्यात सूत्रं असतील तर परत ठेवताना ती जातात, उत्तरं तेवढी उरतात. जो स्तंभ बदललात तेवढाच परत लिहा.

वेगासाठी कॅल्क्युलेशन मॅन्युअल (सूत्रांची आपोआप होणारी मोजणी बंद) आणि इनेबलइव्हेंट्स फॉल्स (बदल झाल्यावर आपोआप चालणारा कोड बंद) करणार असाल तर परतीची वाटही बांधा. मॅक्रो संपला किंवा मध्येच पडला तरी स्क्रीनअपडेटिंग आपसूक चालू होतं, बाकीचे दोन होत नाहीत. मग उघड्या असलेल्या सगळ्या फाइलींमधली सूत्रं गोठून बसतात आणि बेरीज चुकल्याचा बोभाटा दुसऱ्या दिवशी होतो. ऑन एरर गोटू आवराआवर लिहा, ‘आवराआवर’ या लेबलखाली दोन्ही पूर्ववत करा, आणि एरर आला असेल तर एर.डिस्क्रिप्शन दाखवा. सगळ्या चुका गिळणारं ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट माथ्यावर लावून मोकळं होऊ नका. मॅक्रो ‘यशस्वी’ होतो आणि आकडे चुकतात.

प्रश्न : हे मॅक्रो ॲड-इन (एक्सेलला जोडायची मॅक्रोंची फाइल) करून सहकाऱ्यांना द्यायचे आहेत. एक्सएलएएम म्हणून सेव्ह केलं, पण ऑल्ट + एफ८ च्या यादीत काहीच दिसत नाही.

दिसणारही नाही. ॲड-इनमधले मॅक्रो त्या यादीत येत नाहीत. नाव माहीत असेल तर वरच्या रकान्यात टाइप करून चालवता येतात, पण सहकाऱ्यांना बटणच द्या. एकट्यापुरतं असेल तर क्विक ॲक्सेस टूलबार पुरतो. सर्वांसाठी रिबनवर स्वतःचा टॅब हवा, त्यासाठी फाइलच्या आत कस्टमयूआय नावाचा एक्सएमएल तुकडा बसवावा लागतो. बटणाने बोलावलेला सब (म्हणजे मॅक्रो) मात्र सब अहवाल(कंट्रोल ॲज आयरिबनकंट्रोल) अशाच घाटाचा हवा. कंसातला भाग विसरलात तर बटण दाबल्यावर ‘राँग नंबर ऑफ आर्ग्युमेंट्स’ असा निरोप येतो आणि माणूस एक्सएमएलमध्ये चूक शोधत बसतो.

ॲड-इन करताना कोडमधला प्रत्येक धिसवर्कबुक पुन्हा वाचा. धिसवर्कबुक म्हणजे कोड ज्या फाइलमध्ये आहे ती, म्हणजे आता खुद्द ॲड-इन. तिच्यातली पानं लपलेली असतात, त्यामुळे मॅक्रो मुकाट्याने तिथेच लिहीत राहील. सहकाऱ्याच्या फाइलसाठी ॲक्टिव्हवर्कबुक लागेल. तेही अगदी सुरुवातीला एकदाच एका व्हेरिएबलमध्ये पकडा, कारण मध्ये दुसरी फाइल उघडलीत की ‘ॲक्टिव्ह’ बदलतं.

फाइल मेलने गेली असेल तर विंडोज तिच्यावर ‘इंटरनेटवरून आलेली’ असा शिक्का मारतं, आणि २०२२ पासून ऑफिस अशा फाइलींमधले मॅक्रो मुळातच अडवतं. फाइल बंद करून, तिच्यावर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉकवर टिक करावी. नाहीतर ती ट्रस्टेड लोकेशनमधल्या फोल्डरमध्ये ठेवावी. ‘सगळे मॅक्रो चालू द्या’ ही सेटिंग सहकाऱ्यांना सुचवू नका.

सामायिक फोल्डरमधून देणार असाल तर फाइल रीड-ओन्ली करा, म्हणजे कोणी वापरत असतानाही नवी आवृत्ती टाकता येते. ॲड-इन जोडताना ‘तुमच्या फोल्डरमध्ये प्रत करू का’ असं एक्सेल विचारेल, तिथे नाही म्हणा. हो म्हटलेल्यांकडे जुनी प्रत कायमची मुक्काम ठोकते.

प्रश्न : सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर) फाइल हाताने उघडली तर तारखा बरोबर, मॅक्रोने उघडली तर उलट्यापालट्या.

हाताने उघडताना एक्सेल तुमच्या संगणकाची तारखेची पद्धत वापरतं, वर्कबुक्स.ओपन मात्र अमेरिकी पद्धत धरतं. ०३/०४/२०२५ ही ३ एप्रिल असेल तर ती ४ मार्च होते. १३/०४/२०२५ ला तेरावा महिना नसल्यामुळे ती मजकूर म्हणून तशीच राहते. स्तंभात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या की हेच झालंय समजा. उपाय एका शब्दाचा आहे: ओपनला लोकल:=ट्रू द्या. आधीच बिघडलेला स्तंभ सुधारत बसू नका, मूळ फाइल पुन्हा आणा. कोडमध्ये तारीख बांधायची झाली तर डेटसिरियल(२०२५, ४, ३) वापरा, त्यात गोंधळाला जागाच नाही.

प्रश्न : कोडला पासवर्ड लावला की तो सुरक्षित होतो ना?

अनवधानाने होणाऱ्या बदलांपासून होतो. ठरवून बसलेल्यासमोर तो टिकत नाही, त्यामुळे डेटाबेसचे पासवर्ड वगैरे कोडमध्ये कधीच लिहू नका.

प्रश्न : मेसेजबॉक्समध्ये मराठी लिहिलं की नुसती प्रश्नचिन्हं येतात.

व्हीबीएचा संपादक (जिथे कोड लिहितो ती खिडकी) युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींना सामावणारी अक्षरांची पद्धत, जाणत नाही. तो जुन्या कोडपेजवर, म्हणजे मोजक्या अक्षरांच्या यादीवर, चालतो आणि देवनागरीसाठी तसं कोडपेजच नाही. त्यामुळे चिकटवतानाच मजकुराची प्रश्नचिन्हं होतात, आणि ती तशीच सेव्हही होतात. सीएचआरडब्ल्यू(२३५०) लिहून ‘म’ मिळवता येतो, पण सबंध वाक्य असं लिहिणं म्हणजे छळ.

मजकूर ॲड-इनच्या एखाद्या शीटवर सेलमध्ये लिहून ठेवा, पहिल्या स्तंभात क्रमांक, दुसऱ्यात वाक्य. सेलना युनिकोड पूर्ण समजतं. धिसवर्कबुक इथे नेमका कामाला येतो, कारण वाक्यं त्याच फाइलमध्ये आहेत. शीटचं नाव मराठी असेल तर कोडात तेही प्रश्नचिन्हं होईल, म्हणून शीटला तिच्या कोडनेमने (संपादकात दिसणाऱ्या तिच्या आतल्या नावाने) हाक मारा, किंवा नाव रोमन ठेवा. मेसेजबॉक्स स्वतःही जुनाच, त्याला सेलमधलं वाक्य दिलं तरी प्रश्नचिन्हंच दिसतात. त्याच्या जागी छोटा यूजरफॉर्म करा, त्यावर एक लेबल आणि एक बटण, आणि लेबलच्या कॅप्शनमध्ये सेलची किंमत भरा. फॉर्मच्या माथ्यावरची पट्टी मात्र मराठी दाखवत नाही, ती रिकामी सोडलेली बरी.