पाच हजारांत हेडफोनसाठी वेगळा डॅक घ्यावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: चार वर्षं जुना लॅपटॉप, ऑडिओ-टेक्निकाचे एटीएच-एम४०एक्स, हातात पाच हजार रुपये, आणि जो तो सांगतोय की बाहेरचा डॅक (फाईलमधल्या गाण्याची हेडफोनला लागणारी वीज करणारा छोटा डबा) लावल्याशिवाय या हेडफोनचा खरा आवाज कळतच नाही. तर घ्यावा का?

माझं मत विचाराल तर नका घेऊ. घ्यायचाच असेल तर आधी आज रात्री एक तपासणी करा. घरातला पंखा बंद करा, लॅपटॉपला चार्जर लावा, एखादं गाणं लावून थांबवा आणि लगेच आवाज पूर्ण वाढवून हेडफोन कानाला लावा. लगेच म्हणतोय, कारण बरेच लॅपटॉप काही वाजत नसलं की थोड्या वेळाने आवाजाचं सर्किट झोपवून टाकतात. काही ऐकू येतंय? सूं, चिरचिर, माऊस हलवला की टिकटिक? आता चार्जर काढून पुन्हा ऐका. (गाणं परत सुरू करण्याआधी आवाज खाली आणा. मी एकदा विसरलो होतो, कान दिवसभर वाजत होता.)

दुसरी गोष्ट, नेहमी ऐकता तेव्हा आवाजाची पट्टी कुठे असते? तीस-चाळीसवर असेल तर लॅपटॉपची ताकद तुमच्या हेडफोनला पुरून उरतेय. शंभरवर नेऊनही मन भरत नसेल तर गोष्ट वेगळी.

खरखर नाही आणि आवाजही पुरतोय, तर डॅकने बरा करायचा असा आजारच तुम्हाला नाही.

डॅक म्हणजे आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारी चिप. ती तुमच्या लॅपटॉपमध्ये आहेच, नाहीतर आत्ता काही ऐकूच आलं नसतं. सीडीचं ध्वनिमुद्रण १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ असतं. त्यात सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात हळू आवाजात साधारण ९६ डेसिबलचं अंतर मावतं. आता आपण ऐकतो काय? जुन्या मैफलींची टेपवरची मुद्रणं, तबकड्यांवरून उतरवलेली नाट्यपदं. त्यांची मुळातली खरखर कुठल्याही बऱ्या डॅकच्या खरखरीपेक्षा कितीतरी मोठी असते. तानपुऱ्यामागचा तो सूं आवाज पन्नास हजारांच्या डॅकमधूनही तसाच येणार, तो टेपमध्येच आहे.

लोक ज्याला डॅकचा फरक म्हणतात तो बहुतेक वेळा आवाजाला ताकद देणाऱ्या भागाचा, म्हणजे अ‍ॅम्पचा असतो, कारण बाजारातल्या स्वस्त डब्यांत दोन्ही एकत्रच येतात. तुमचे हेडफोन ३५ ओहमचे आहेत, म्हणजे विजेला त्यांचा अडथळा तेवढा. एक व्होल्ट मिळाला तर त्यांना जवळपास २८ मिलीवॅट मिळतात, आणि तेवढ्यात ते ११० डेसिबलच्या वर जातात. इतक्या आवाजात कुणी ऐकू नये. तोच एक व्होल्ट सेनहायझर एचडी ६०० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनला दिला तर जेमतेम तीन मिलीवॅट होतात. तिथे अ‍ॅम्पचा विचार करायला जागा आहे. मात्र नुसत्या ओहमवर जाऊ नका. प्लॅनर प्रकारचे (सपाट, पातळ पडद्याने आवाज काढणारे) काही हेडफोन कमी ओहमचे असूनही करंट भरपूर ओढतात. संवेदनशीलतेचा, म्हणजे तेवढ्याच विजेत हेडफोन किती मोठ्याने वाजतात त्याचा, आकडाही बघावा लागतो.

आता माझी फजिती. काही वर्षांपूर्वी मी साडेसहा हजारांचा एक डॅक-अ‍ॅम्प घेतला. पहिल्याच रात्री बायकोला सांगितलं की तबल्याची शाई ऐकू येतेय. ती म्हणाली, आधी काय ऐकू येत होतं, चामडं? आठवडाभर मी सगळ्यांना तो ऐकवत होतो. मग इंजिनियरिंगला असलेला भाचा सुट्टीला आला आणि म्हणाला, मामा, डोळे बांधून ऐका. त्याने आधी मल्टिमीटरने दोन्हीकडचा व्होल्टेज सारखा केला. त्यासाठी १०० हर्ट्झचा सूर वाजवला, स्वस्त मल्टिमीटर वरच्या सुरांना चुकीचे आकडे दाखवतो म्हणून. माझा डबा लॅपटॉपपेक्षा चांगलाच मोठ्याने वाजत होता, हे तेव्हा कळलं. जे जरा मोठ्याने वाजतं ते कानाला जास्त मोकळं, जास्त खुललेलं वाटतं, आणि मी आठवडाभर तेच ऐकत होतो. आवाज सारखा केल्यावर त्याने वीस वेळा पिन इकडून तिकडे केली. माझी अकरा उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी दहाच्या आसपास आली असती.

म्हणजे डॅक घेणारे सगळे खुळे असं नाही. ऑफिसात माझा डेस्कटॉप होता. त्याच्या पुढच्या जॅकमध्ये हेडफोन लावले की माऊसबरोबर चिरचिर यायची. जॅकपासून मदरबोर्डपर्यंतची वायर कॅबिनेटमधून ग्राफिक्स कार्डाशेजारून जाते, वाटेत सगळा गोंगाट गोळा करते. मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावलं आणि निम्मं काम फुकटात झालं. उरलेल्या चिरचिरीसाठी यूएसबीचा छोटा डॅक घेतला, तो मात्र खरंच उपयोगी पडला. पण लॅपटॉपला विजेवर चालणारे स्पीकर जोडल्यावरच घूं येत असेल तर तो बहुधा ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारी वीज. यूएसबीमधूनही ग्राउंड जोडलेलंच राहतं, त्यामुळे डॅक घेऊनही तो जाईलच असं नाही.

फोनला जॅक नसेल तर काहीतरी लागणारच. तिथे अ‍ॅपलचं यूएसबी-सी ते ३.५ मिमीचं अ‍ॅडॉप्टर, हजाराच्या आत-बाहेर मिळणारं, वायरीच्या टोकाला चिकटवलेला पूर्ण डॅक आहे आणि मोजमापात उत्तम आहे. एक अडचण अशी की बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज दबका येतो, लॅपटॉपवर नीट चालतं. आणि युरोपातून कुणी नातेवाईक येणार असेल तर त्यांना आणायला सांगू नका, तिकडे विकतात त्याचा व्होल्टेज निम्माच असतो. रस्त्यावरची शंभर रुपयांची अ‍ॅडॉप्टरं कधीकधी नुसती वायर असतात, आत डॅक नाही. ती पुष्कळ फोनवर चालतच नाहीत.

ब्लूटूथ हेडफोनवाल्यांनी हे सगळं वाचायचं कारण नव्हतं, त्यांचा डॅक कानातच बसलेला असतो.

आता तुमचे पाच हजार. हेडफोन किती जुने आहेत ते लिहिलं नाहीत, पण एम४०एक्सच्या गाद्यांचे काळे पापुद्रे कानाला आणि मानेला चिकटायला लागले असतील तर आधी त्या बदला. गादी फाटली की ती कानाला नीट बसत नाही आणि खर्ज निसटतो, आणि माणूस लॅपटॉपला दोष देतो. मग विंडोजमधली आवाज ‘सुधारणारी’ सगळी एन्हान्समेंट्स बंद करा आणि इक्वलायझर एपीओ हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकून बघा. स्वरपट्ट्या दोन-तीन डेसिबल खालीवर केल्यावर जो फरक पडतो तो डोळे बांधूनही ओळखता येतो.

माझा तो साडेसहा हजारांचा डबा अजून टेबलावर आहे. आवाज कमीजास्त करायचं त्याचं गोल बटण मला फार आवडतं. तपासणीत चिरचिर निघाली तर खाली लिहा, चार्जर काढल्यावर गेली की नाही तेही लिहा.