मुलांच्या किडनीची सुपरस्पेशालिटी करण्यात अर्थ आहे का?

एमडी झाल्यावर आणखी तीन वर्षं घालवून फक्त मुलांच्या किडन्या बघायच्या का, पेशंट आणि पैसा मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या एका सरांनी जवळजवळ याच शब्दांत मला अडवलं होतं. "मुलं मोठ्यांचे नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, बघतातच की. तू क्लिनिक टाक."

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. पुढे दोन वर्षांचा एक मुलगा आला. उंची जेमतेम ८० सेंटिमीटर. वजन वाढत नाही म्हणून आठ महिने टॉनिकं चालू होती. क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा आणि किडनीने बाहेर टाकायचा कचरा, ०.९ आणि रिपोर्टवर शेरा 'नॉर्मल'. अहो, मोठ्या माणसासाठी नॉर्मल! एवढ्याशा अंगात स्नायू किती असणार? मुलांसाठीच्या श्वार्ट्झच्या सूत्रात घालून बघा: ०.४१३ गुणिले उंची भागिले क्रिएटिनिन. जीएफआर, म्हणजे किडनीचा रक्त गाळण्याचा वेग, येतो ३७. हवा ९०च्या वर. आईला लघवीची धार कशी असते विचारलं. "धार कुठली, थेंब थेंबच होते. पहिल्यापासून." पोस्टेरियर युरेथ्रल व्हॉल्व्ह, म्हणजे मूत्रमार्गातला जन्मजात पडदा. जन्मापासून लघवीची वाट अडलेली. सर्जननी व्हॉल्व्ह काढला, पण किडनीचा जो भाग गेला तो गेला. ते आठ महिने मला अजून सलतात. रिपोर्ट बऱ्याच जणांनी पाहिला होता, पण उंची कुणी मोजली नव्हती.

डायलिसिसचंही तेच. दहा किलोच्या मुलात रक्त सुमारे ८०० मिली. त्यातलं १० टक्क्यांहून जास्त एका वेळी बाहेर काढायचं नसतं, आणि मोठ्यांच्या सर्किटमध्ये, म्हणजे मशीनच्या नळ्या आणि फिल्टरमध्ये, त्याच्या दुपटीहून जास्त मावतं. "मोठ्यांचे बघतातच की" म्हणणाऱ्यांनी हा हिशोब करून दाखवावा.

पैशाचं विचाराल तर जनरल पीडियाट्रिक्सवाले मित्र तुमच्या पुढे जातील. नेफ्रोटिकच्या, म्हणजे लघवीतून प्रोटीन गळण्याच्या आजाराच्या, एका मुलाच्या आईवडिलांना घरी लघवीतलं प्रोटीन तपासायला शिकवण्यात अर्धा तास जातो, आणि रुग्णालयाचं व्यवस्थापन असा वेळ नाही, प्रोसिजर मोजतं. विभागात बहुधा तुम्ही एकटेच, म्हणजे रात्रीचा फोनही तुमचाच. वाढवलेली मुलं अठराव्या वर्षी मोठ्यांच्या विभागाकडे सोपवायची, तेही जड जातं.

माझी नोकरी मोठ्या रुग्णालयातली आहे, पगार ठरलेला. स्वतःचं काही उभारायचं असेल किंवा डोक्यावर कर्ज असेल, तर माझा अनुभव तसाच्या तसा लावू नका. आणि जॉइन होण्याआधी विचारून घ्या: मुलांसाठी वेगळ्या डायलिसिस नर्स आहेत का, बालशल्यचिकित्सक आहे का. नसतील, तर ती जागा मी घेणार नाही.