महामंदीच्या काळात अमेरिकन सरकारने गाणंबजावणं आणि पोस्टरवर पैसे का घातले? त्याचा काही उपयोग झाला का?

झाला, आणि भरपूर झाला! १९३५ मध्ये रूझवेल्ट सरकारने डब्ल्यूपीए काढलं, बेकारांना काम देणारी योजना, आणि त्यात रस्ते-पुलांसोबत कलाकारांनाही पगारावर घेतलं, कारण पोट त्यांनाही होतंच ना. संगीताचा विभाग निकोलाय सोकोलोफ या कंडक्टरकडे होता, बोलपटांमुळे थिएटरात वाजवणाऱ्यांची कामं आधीच गेलेली, त्यात मंदी, मग या लोकांचे ऑर्केस्ट्रा उभे केले, फुकट किंवा अगदी स्वस्तात कार्यक्रम, गरीब वस्त्यांत गाण्याचे क्लास. मला तर हे क्लासच सगळ्यात मोलाचे वाटतात.

पोस्टरचं म्हणाल तर न्यूयॉर्कमध्ये अँथनी वेलोनिस या कलाकाराने सिल्कस्क्रीन आणलं, म्हणजे ताणलेल्या जाळीदार कापडातून रंग दाबून छापायची पद्धत, त्याआधी पोस्टर हातानेच रंगवायचे, मग काय, मोजके सपाट रंग, ठसठशीत अक्षरं आणि एका डिझाइनच्या शेकडो प्रती. विषय टीबीची तपासणी, प्राणिसंग्रहालय, नाटकं, वाचनालय असे रोजचे. सुमारे २० लाख पोस्टर छापली, टिकली जेमतेम २०००. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयाच्या साइटवर ९०० च्या वर आहेत, फुकट डाउनलोड होतात, नक्की बघा, राष्ट्रीय उद्यानांची तर खासच आहेत!